न्यायालयातले आंबेडकर, वर्गातले आंबेडकर
(वर्धा येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



बाबासाहेबांच्या नावामागे आपण घटनाकार लावतो, अर्थशास्त्रज्ञ लावतो, अलीकडे पत्रकार आणि जलनीतीचे अभ्यासकही म्हणू लागलो आहोत. 'बॅरिस्टर' हा शब्द मात्र आपण पदवीसारखा उच्चारतो. तो एक धंदा होता, त्यावर घर चालत होतं, हे विसरतो. अशील यायचे, फी ठरायची, कधी बुडायची, तारखा पडायच्या, कैफियती लिहाव्या लागायच्या. मी कायद्याचा माणूस नव्हे. माझं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं. त्यामुळे समोर बसलेल्या वकील मंडळींनी कुठे शब्द चुकला तर सांभाळून घ्यावं. पण वकिली आणि अध्यापन हे दोन्ही एकाच माणसाने केलं, तर एकातून दुसऱ्यात काय उतरतं, हा प्रश्न मला तत्त्वज्ञानाचाच वाटतो.

मुंबईच्या बारला याची जुनी परंपरा आहे. सकाळी कोर्ट, संध्याकाळी वर्ग, आणि रात्री पुस्तक. दिनशा मुल्ला हे त्यातलं मोठं नाव. फ्रेडरिक पोलॉक यांच्यासोबतचा करार कायद्यावरचा त्यांचा ग्रंथ १९०५ सालचा, आणि अजून नव्या आवृत्त्या निघताहेत. जमशेदजी कांगा आणि नानी पालखीवाला यांचं आयकरावरचं पुस्तक १९५० सालचं. म. म. पां. वा. काणे वकिलीही करत आणि धर्मशास्त्राचा इतिहासही लिहीत. या सगळ्यांच्या बाबतीत पुस्तकाने वकिलीला वजन दिलं आणि वकिलीने पुस्तकाला उदाहरणं दिली. व्यापारी दाव्यांत तर हे फारच चालतं. हुंडी, विमा, गहाणखत, भागीदारी यांचा खटला जिंकायचा तर न्यायाधीशाला शिकवावं लागतं, आणि शिकवणारा माणूस पुस्तक लिहिलेला असला की न्यायाधीश जरा सरसावून बसतो.

आंबेडकरांकडे हे सगळं होतं. १९२२ साली ग्रेज इनमधून ते बॅरिस्टर झाले. १९२३ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची डी.एस्सी. मिळाली. प्रबंध होता रुपयाच्या प्रश्नावर, म्हणजे चलन, विनिमय दर, सुवर्ण परिमाण. तेव्हाच्या मुंबईत बँकिंग आणि व्यापाराच्या दाव्यांसाठी याहून लायक माणूस शोधूनही सापडला नसता. आणि तरी ते दावे त्यांच्याकडे आले नाहीत.

का आले नाहीत, हे समजायला हायकोर्टाची रचना बघावी लागते. मुंबईत ओरिजिनल साइडला पक्षकार थेट बॅरिस्टरकडे जात नसे. मध्ये सॉलिसिटर असे. ब्रीफ कुणाला द्यायचं ते सॉलिसिटर ठरवी. मोठे व्यापारी दावे याच वाटेने जात, आणि ती वाट मोजक्या पेढ्यांच्या हातात होती. महार बॅरिस्टरला ब्रीफ द्यायला त्या पेढ्या तयार नव्हत्या. तिथे कुणी 'नाही' म्हणत नाही, हे लक्षात घ्या. फक्त ब्रीफ येत नाही. महाडच्या तळ्यावर निदान मारायला माणसं धावून आली होती, त्यांच्यावर फिर्याद तरी करता येते. न आलेल्या ब्रीफवर कोणता दावा लावणार?

मग त्यांनी अपेलेट साइडला आणि जिल्ह्याजिल्ह्याच्या कोर्टांत काम केलं. १९२६ साली पुण्याला 'देशाचे दुश्मन' खटल्यात जेधे-जवळकरांची अपिलात सुटका झाली ती त्यांच्या वकिलीने. आणि उत्पन्नाला जोड म्हणून ते शिकवू लागले. जून १९२५ ते मार्च १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत ते व्यापारी कायदा शिकवत होते. पुढे सरकारी विधी महाविद्यालयात प्राध्यापक झाले, आणि १९३५ च्या जूनमध्ये तिथले प्राचार्य. जो व्यापारी कायदा त्यांना कोर्टात चालवायला मिळाला नाही, तो त्यांनी वर्गात चालवला. हे वाक्य मी सहानुभूतीसाठी म्हणत नाही. त्याचा पुढे उपयोग होणार आहे.

महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी वाङ्मयाचा बारावा खंड बघा. १९९३ साली निघाला, आपल्या नागपूरच्या वसंत मून यांनी संपादित केलेला. लोक तो 'वेटिंग फॉर अ व्हिसा'साठी उघडतात, आणि वाचून बाजूला ठेवतात. त्याच खंडात कायद्यांवरची टिपणं आहेत. विशिष्ट अनुतोष, विश्वस्त, मुदतीचा कायदा, मालमत्ता हस्तांतरण, पुरावा. वाचायला कोरडी आहेत, काही ठिकाणी नुसती मुद्द्यांची हाडं आहेत. साहित्य म्हणून कुणी त्यांना हात लावणार नाही, आणि मी तसा आग्रहही धरत नाही. पण ही यादी डोळ्यांपुढे ठेवा. यात क्रांती कुठे नाही. गहाण आहे, मुदत आहे, घोषणा आणि मनाई हुकूम आहे, आणि कोणी काय सिद्ध करायचं ते आहे. हा एका दिवाणी वकिलाचा हत्यारांचा डबा आहे.

आता महाड.

मार्च १९२७ चा सत्याग्रह आपल्याला पाठ आहे. त्यानंतर एकशे आठ घागरींनी तळं 'शुद्ध' केल्याचंही माहीत आहे. महाड नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला होता, तो ऑगस्ट १९२७ मध्ये तिनेच मागे घेतला. पण त्यापुढचा दहा वर्षांचा भाग सहसा सांगितला जात नाही, कारण त्यात मिरवणूक नाही. १२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या दिवाणी न्यायालयात काही सवर्ण नागरिकांनी दावा लावला. प्रतिवादी डॉ. भीमराव रामजी आंबेडकर आणि त्यांचे सहकारी. मागणी काय, तर हे तळं स्पृश्यांच्या खाजगी मालकीच्या स्वरूपाचं आहे, अस्पृश्यांना तिथलं पाणी घेण्याचा हक्क नाही, असं जाहीर करावं, आणि त्यांना कायमची मनाई करावी. १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम निघाला. २५ डिसेंबरला दुसरी परिषद भरायची होती.

त्या तीन दिवसांत बाबासाहेबांवर काय ताण आला असेल याची कल्पना करा. हजारो माणसं महाडला जमली होती, सत्याग्रहासाठी नावं दिलेली. मनुस्मृती जाळली गेली. कलेक्टर स्वतः परिषदेत येऊन बोलून गेले. आणि शेवटी तळ्यावरचा सत्याग्रह तहकूब झाला. तळ्याभोवतून मिरवणूक गेली, पाण्याला कुणी हात लावला नाही. तेव्हाच्या अनेक कार्यकर्त्यांना हे पचलं नाही, आणि आजही काही तरुण मला विचारतात, सर, मनुस्मृती जाळायला धजले आणि मुन्सफ कोर्टाच्या कागदाला का मान दिला?

माझं उत्तर असं आहे. मनुस्मृतीच्या विरोधात दाद मागायला जागाच नव्हती. मनाई हुकुमाच्या विरोधात होती. दिवाणी वकिलाला हे दिसतं, वक्त्याला दिसेलच असं नाही. हुकूम मोडला असता तर अवमानाचा प्रश्न उभा राहिला असता आणि तळ्याचा प्रश्न मागे पडला असता. हुकूम पाळला म्हणून वादीलाच त्याचा हक्क सिद्ध करायला कोर्टात उभं राहावं लागलं. २३ फेब्रुवारी १९२८ ला तो तात्पुरता हुकूम उठलाच.

आणि मग दावा चालला. वादींनी मागितलं होतं ते 'घोषणा' आणि 'कायमची मनाई', म्हणजे विशिष्ट अनुतोषाचा कायदा. मगाचची यादी आठवा. ज्या कायद्याखाली त्यांच्यावर दावा लागला तोच त्यांच्या टिपणांत आहे. हा कायदा दाद मागणाऱ्याला आधी विचारतो, बाबा, या मालमत्तेत तुझा स्वतःचा कायदेशीर हक्क काय? दुसऱ्याला हक्क नाही एवढं म्हणून भागत नाही. आणि तेव्हाचा १८७२ चा पुरावा कायदा म्हणत होता, ज्याला आपल्या बाजूने निकाल हवा, त्याने सिद्ध करायचं. सिद्धतेचा भार सवर्णांवर आला. अस्पृश्यांनी 'आम्ही माणसं आहोत' हे सिद्ध करण्याची गरजच राहिली नाही. 'हे तळं तुमचं कसं?' एवढंच विचारायचं.

तळं नगरपालिकेचं होतं, तेव्हा मालकीचा दावा टिकेना. मग उरली अनादि वहिवाट. आम्ही परंपरेने इतरांना येऊ दिलं नाही, ही परंपराच कायदा. इंग्रजी कायद्यात 'अनादि' म्हणजे ११८९ सालापूर्वीचं, पहिला रिचर्ड राजा गादीवर आला त्याच्याही आधीचं. (हसू नका, कायद्याच्या स्मृतीला कुठेतरी सुरुवात हवीच.) आपल्याकडच्या कोर्टांनी ते साल अक्षरशः धरलं नाही, पण वहिवाट प्राचीन, अखंड आणि निश्चित असल्याचा पुरावा हवा हे धरलं. आणि इथे वादी अडकले. लोक तळ्यावर जात नव्हते, हे दाखवता येतं. पण न जाणं वेगळं आणि जाण्याचा हक्क नसणं वेगळं. तळ्याभोवती सवर्णांची घरं, अस्पृश्यांची वस्ती लांब. कुणी भीतीने गेलं नाही, कुणाला गरज पडली नाही. या न जाण्यातून कायदा कसा जन्मतो?

तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही 'आहे' आणि 'असावं' यांतली दरी शिकवतो. डेव्हिड ह्यूमचं नाव घेतो, फळ्यावर बाण काढतो. महाडच्या दाव्यात ती दरी एका दिवाणी कोर्टात, साक्षीदार तपासून, मोजून दाखवली गेली. हे मी कुठल्याही पाठ्यपुस्तकात वाचलेलं नाही, आणि वाचायला मिळायला हवं होतं.

महाडला जून १९३१ मध्ये दावा फेटाळला गेला, ठाण्याला जानेवारी १९३३ मध्ये अपील फेटाळलं गेलं. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टात न्या. ब्रूमफील्ड आणि न्या. वाडिया यांनी दुसरं अपीलही फेटाळलं. नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर. त्या दिवशी हा प्रतिवादी सरकारी विधी महाविद्यालयाचा प्राचार्य होता.

इथपर्यंत कौतुक झालं. आता मला खटकतं ते सांगतो.

निकालपत्र शांतपणे वाचलं, तर कोर्टाने काय म्हटलं? अनादि वहिवाट सिद्ध झालेली नाही. बस. ती सिद्ध झाली असती, तर ती अवाजवी आहे का, सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध आहे का, याचा विचार करावा लागला असता, असं म्हणून कोर्टाने तो प्रश्न सोडून दिला. वर हेही नमूद केलं की तो मुद्दा खालच्या कोर्टांत रीतसर मांडलाच गेला नव्हता. आपल्याकडे भाषणांत सांगतात की हायकोर्टाने पाण्यावर सर्वांचा हक्क मान्य केला, अस्पृश्यता बेकायदा ठरवली. असं काही झालं नाही. 'सिद्ध झालं नाही' आणि 'चूक आहे' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. महाडच्या सवर्णांना कोर्टाने सांगितलं की तुमचा पुरावा कमी पडला. तुमची समजूतच अन्यायाची आहे, असं सांगितलं नाही. उद्या दुसऱ्या गावात, दुसऱ्या विहिरीवर, भक्कम पुरावा घेऊन कुणी आलं असतं तर?

मग तो मुद्दा मांडला का नाही? दिवाणी कैफियतीत 'वहिवाट नाहीच, आणि असलीच तर ती अवाजवी आहे' असं पर्यायी म्हणता येतं, हे वकील मंडळींना सांगायला नको. माझा तर्क असा, आणि तो तर्कच समजा. 'असली तरी अवाजवी' म्हटलं की न्यायाधीशाचं लक्ष वहिवाटीच्या पुराव्यावरून उडून त्याच्या स्वतःच्या विवेकावर जातं. १९२७ साली साहेब न्यायाधीशाचा विवेक धर्माच्या बाबतीत हात न घालण्याकडे झुकलेला. व्यापारी कायदा शिकवणारा माणूस पैज लावतो ती लहान जमिनीवर, जिथे प्रतिपक्षाला सिद्ध करायचं आहे तिथेच. जिंकायला हे बरोबर होतं. कायदा घडवायला अपुरं होतं. हे दोन्ही एकदम खरं मानायला आपली मंडळी तयार नसतात. भक्तांना दुसरं वाक्य नको, टीकाकारांना पहिलं.

उलट बाजूचं उदाहरणही बाबासाहेबांच्याच वकिलीत आहे. १९३४ साली 'समाजस्वास्थ्य' मासिकातल्या मजकुराबद्दल र. धों. कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला चालला, आणि त्यांच्या बाजूने आंबेडकर उभे राहिले. तिथे लहान जमीन नव्हतीच. मजकूर छापलेला, लेखक कबूल. लैंगिक विषयावर लिहिणं म्हणजे अश्लीलता नव्हे, हे तत्त्वच लढवायचं होतं. लढवलं, आणि हरले. कर्व्यांना दंड झाला. दोन खटल्यांवरून नियम काढू नये. पण तत्त्व घेऊन गेलेला वकील त्या काळात कुठे पोचायचा, याचा अंदाज येतो.

वर्ध्यात बोलताना दुसऱ्या एका बॅरिस्टरला टाळून चालणार नाही. सेवाग्राम इथून काही किलोमीटरवर आहे. गांधीजींचा दक्षिण आफ्रिकेतला पहिला मोठा खटला शुद्ध व्यापारी होता. दादा अब्दुल्ला आणि तय्यब हाजी यांचा, चाळीस हजार पौंडांचा. त्यासाठी ते हिशेब ठेवण्याची पद्धत शिकले, आणि शेवटी दोघांना लवादापुढे नेलं. हरलेल्याला हप्तेही बांधून दिले. वकिलाचं खरं काम तुटलेली माणसं जोडण्याचं, हा धडा त्यांनी त्यातून घेतला आणि आत्मकथेत सांगितला. सुंदर धडा आहे. पण तो कोणाच्या खटल्यातून आला ते बघा. दोघेही व्यापारी, दोघेही सधन, नात्यातले, दोघांच्याही वह्या होत्या. दोघांनाही एकमेकांची गरज होती. समेटाला समोरासमोर बसणारे दोन पक्षकार लागतात. महाडला वादी हे प्रतिवादीसोबत एका सतरंजीवर बसायलाच तयार नव्हते, लवाद कुठून आणणार? व्यापारी कायद्यातून गांधींनी समेट उचलला, आंबेडकरांनी सिद्धतेचा भार उचलला. ज्याच्या हाती काही नाही, त्याला दुसरंच उपयोगी पडतं.

या दोघांना जोडणारा एक माणूस आहे, आणि तो फारसा कुणी सांगत नाही. १८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादला राजद्रोहाच्या खटल्यात गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा देणारे न्यायाधीश रॉबर्ट ब्रूमफील्ड. महाडचा निकाल देणारेही तेच. पंधरा वर्षांना एक दिवस कमी. गांधीजींनी त्यांच्यापुढे गुन्हा कबूल केला, बचावच केला नाही, आणि न्यायाधीशाला नैतिक पेचात टाकलं. आंबेडकरांच्या बाजूने त्याच न्यायाधीशाला पेच पडू न देता निकाल मिळाला. त्या शिक्षेनंतर १९२२ सालीच इनर टेंपलने गांधींचं नाव बारमधून काढलं. त्याच वर्षी ग्रेज इनने आंबेडकरांना आत घेतलं.

आणि आपलं लक्ष्मीनारायण मंदिर. जुलै १९२८ मध्ये जमनालाल बजाजांनी ते अस्पृश्यांना खुलं केलं. महाडचा मनाई हुकूम उठून जेमतेम पाच महिने झाले होते. वर्ध्याला त्याचा अभिमान आहे, आणि असावा. सनातनी मंडळींचा रोष पत्करून केलेली गोष्ट होती ती. पण तिथे दार आतून उघडलं गेलं, ज्याचं दार त्याने उघडलं. जमनालालजी तसे नसते, तर बाहेरच्या माणसाच्या हाती काय होतं? महाडचा कंटाळवाणा, दहा वर्षांचा, तारखांनी भरलेला दावा याच प्रश्नाचं उत्तर शोधत होता.

अपुरं राहिलेलं काम पुढे कसं पुरं झालं, तेही कागदावर दिसतं. रावबहादूर बोले यांचा मुंबई कायदेमंडळातला ४ ऑगस्ट १९२३ चा ठराव म्हणत होता की सार्वजनिक पैशाने बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे अस्पृश्यांना वापरू द्यावेत. महाडचा सगळा दावा त्या ठरावाच्या पायावर उभा होता. आता संविधानाचं कलम १५, पोटकलम २ काढा. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते, जे पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या निधीतून चालवले जातात किंवा जनतेच्या वापरासाठी अर्पण केलेले आहेत. तेच माप, तोच शब्दांचा सांधा. आणि ब्रूमफील्डसाहेबांनी सोडून दिलेल्या प्रश्नाचं उत्तर कलम १७ मध्ये: अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे. तिथे वहिवाट सिद्ध झाली की नाही, हे कुणी विचारायचं नाही.

मात्र कलम १५ मधलं ते माप अजूनही मालकीचंच आहे, सार्वजनिक पैशाचं. शेतातली खाजगी विहीर त्यात बसत नाही. उन्हाळ्यात सार्वजनिक विहीर आटते, नळाला पाणी नसतं, आणि गावातली दोन-चार माणसं आपल्या विहिरीवर कुणाला येऊ द्यायचं ते ठरवतात. कारण विचारलं तर जात सांगत नाहीत, 'आमची विहीर आहे' म्हणतात. महाडच्या वादींनी १९२७ साली नेमकं हेच म्हणायचा प्रयत्न केला होता. त्यांचं तळं त्यांचं नव्हतं म्हणून ते हरले.

वेळ झाली आहे. प्रश्न असतील तर घेऊ. मागे वकील मंडळी बसली आहेत, आधी त्यांना माईक द्या.